नको-यादी

२ फेब्रुवारी, शुक्रवार

बातम्यांच्या प्रोग्रॅमची सातवी आवृत्ती आज आपणहून येऊन बसली. विचारलं असेल म्हणा, मीच घाईत ‘हो’ दाबलं असणार. सकाळी कॉम्प्युटरसमोर बसले तर आपल्या स्वयंपाकघरात पाहुणीने डबे आवरून ठेवावेत तसं झालं होतं. डावीकडची यादी उजवीकडे, अक्षरं मुंगीएवढी, आणि वर एक पट्टी: नवीन काय ते पाहा.

पाहिलं. चौदा गोष्टी नवीन आहेत. एकच बातमी पाच ठिकाणांहून आली तर तिची एकच ओळ करतो, हे बरं केलं. अर्धवट मजकूर आला तर मूळ जागी जाऊन पुरा आणतो, हेही बरं. मोठ्याने वाचूनही दाखवतो. पाणीपट्टीची नोटीस वाचावी तशा आवाजात हवामान वाचलं मेल्याने. तो आवाज आधी बंद केला.

एकतीस वर्षं मी कात्रणं पुरवणाऱ्या कचेरीत काढली. रोज सतरा पेपर, एक कात्री, गोंदाची बाटली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायचे, म्हणून ह्यांनी मला हा प्रोग्रॅम लावून दिला. आपण ठिकाणं सांगायची. तिथे नवीन काही लिहिलं गेलं की हा उचलून घरी आणतो. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. प्रोग्रॅम तेवढा चालू आहे.

माझी त्रेसष्ट ठिकाणं आहेत. त्रेसष्टावं धाकट्याचं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्याची नोंद आली. माझा भाऊ शिलाई मशिनी दुरुस्त करतो, इथून दीड दिवसाच्या प्रवासावर, आणि दर गुरुवारी एका मशीनबद्दल लिहितो. ‘दुरुस्तीची वही’ असं नाव दिलंय. आज एका हातमशीनबद्दल होतं. तिचं चाक उलटं फिरवून फिरवून मालकिणीने कापड सरकवणारी दातरी झिजवली, आणि वर ह्यालाच म्हणाली, मशीन वाईट आहे. छान लिहितो. आईसारखं, गोष्ट सांगता सांगता कोपरखळी मारून मोकळा.

नऊ वर्षं आम्ही बोलत नाही. आईच्या शेवटच्या आजारात मी पाच आठवडे तिच्या उशाशी होते आणि हे महाशय दोन दिवस उशिरा आले. शिवणाच्या शाळेच्या वीस मशिनी वेळेवर द्यायच्या होत्या म्हणे. मी दारातच सांगितलं, आता सगळं उरकलंय. पुन्हा हे दार वाजवू नकोस, फोन करू नकोस. त्याने खरंच केला नाही. एवढा शब्दाचा पक्का आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

सहा वर्षांपूर्वी ही वही सापडली तेव्हा लावून घेतली. मी काही त्याच्या साइटवर डोकवायला जात नाही. आपणहून घरी येतं ते वाचते. यात मानपान कुठे सुटतो?

आज शेवटी दोन ओळी वेगळ्या होत्या. हल्ली पायडल मारताना धाप लागते, वजन उतरलंय, बुधवारी तपासणीला बोलावलंय. एकोणसाठाव्या वर्षी धाप लागायला काय झालं? मी पासष्टाची, दोन मजले चढते. लहानपणापासून त्याला एक शिंक आली की घर डोक्यावर घ्यायची सवय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक फार मोठं काम झालं.

सकाळी पहिलीच बातमी रुग्णालयातल्या खाटांची. दुसरी एका नव्या औषधाची. तिसरीत कोणीतरी दीर्घ आजारानंतर गेलेलं. मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. ह्यांचं सव्वा वर्ष रुग्णालयात गेलं. ते मी त्या पांढऱ्या दिव्यांखालच्या बाकावर बसून काढलं. मला त्यातला एक शब्दही आता डोळ्यांसमोर नको आहे.

वरच्या मजल्यावरची टायपिस्ट आली. आमच्याच कचेरीतली, कात्रणांची लेबलं टाइप करायची. माझं नाव तिने तेव्हापासून ‘कात्री’ ठेवलंय, त्यात माझ्या तोंडाचाही हिशेब आहे.

“कात्री, अगं तुझ्या त्या नव्या आवृत्तीत चाळणी आहे ना?” ती म्हणाली. “नको ते शब्द टाकायचे. ते शब्द असतील ते तुझ्यापर्यंत येतच नाही.”

म्हणजे नको-यादी. कचेरीत प्रत्येक गिऱ्हाइकाची असायची. त्यांना काय पाठवायचं नाही त्याची. एकतीस वर्षांत माझ्या यादीतून एक कात्रण निसटलं नाही. मालक म्हणायचे, बाईंच्या चाळणीतून पाणीसुद्धा विचारून जातं.

बसले आणि यादी केली. टायपिस्टने सहा शब्द सुचवले होते, मी चौसष्ट घातले. आजार, रुग्णालय, दवाखाना, तपासणी, डॉक्टर, शस्त्रक्रिया, सलाईन, रक्त, औषध, निधन, आणि प्रत्येकाची सगळी रूपं. फक्त मथळ्यात शोधू की सगळ्या मजकुरात, असं विचारलं. सगळ्या मजकुरात. काही ठिकाणांना सूट द्यायची का, असंही विचारलं. नाही. एकदा चाळणी लावली की सगळ्यांना लावायची, हा आमचा नियम होता.

दुपारी पुन्हा उघडलं. पूल, पाऊसमान, निवडणूक, एका संग्रहालयातली चोरी. कितीतरी दिवसांनी मी सगळं शेवटपर्यंत वाचलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्याची नोंद नाही. सहा वर्षांत दोनदाच चुकलाय. कामात असेल.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. बाकीच्या बासष्ट ठिकाणांहून ढीगभर येतंय. कोणाला हवंय?

२९ फेब्रुवारी, गुरुवार

नाही. सकाळपासून अकरा वेळा पाहिलं. दुपारी कॉम्प्युटर बंद करून परत लावला. टायपिस्टला विचारलं, हे बिघडलंय का? तिने सगळं बघितलं. म्हणाली, नीट आहे, अर्ध्या अर्ध्या तासाने सगळीकडे जाऊन येतंय.

म्हणजे प्रोग्रॅम जातोय आणि हाच लिहीत नाही.

१४ मार्च, गुरुवार

त्याने वही बंद केली असावी. कंटाळा आला की सोडून द्यायचं, ही जुनीच खोड. पेटी शिकायला लागला, सोडली. कुस्ती, सोडली. आई, तीही माझ्यावर सोडली. लिहितानाच जाणवलं की हे जरा जास्त झालं. पण खोडत नाही.

गुरुवारचा दिवस फार लांबतो.

२१ मार्च, गुरुवार

टायपिस्टशी वाजलं.

ती म्हणाली, “एवढा जीव टांगणीला लागलाय तर फोन कर. दुकानाचा नंबर आहे ना त्या साइटवर?”

“मी का करू? मी मोठी आहे.”

“मग मोठीनेच करायचा असतो.”

“त्याने नऊ वर्षांत केला?”

“तूच करू नकोस म्हणालीस ना?”

“म्हणाले. म्हणून काय खरंच करायचा नाही?”

तिने कप टेबलावर आदळला. मग म्हणाली, “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा,” आणि चहा अर्धा टाकून वर गेली. कपाशी तिचं काय वैर होतं कोण जाणे, टेबलावर चहा सांडून गेली.

खरं ते लिहिते, इथे कोण बघतंय. ह्यांच्यामागे मला दर आठवड्याला कोणीतरी काहीतरी सांगत होतं. माझं नाव घेऊन नाही, पण मला माहीत असलेल्या माणसाच्या आवाजात. तेवढ्यावर माझं चाललं होतं.

९ एप्रिल, मंगळवार

दुपारी साडेतीनला प्रोग्रॅमने एक चौकोन दाखवला. हीसुद्धा नवीन सोय, चौदांपैकी एक. “‘दुरुस्तीची वही’ इथून साठ दिवसांत तुमच्यासाठी काही आलेलं नाही. यादीतून काढायचं का?” खाली दोन बटणं.

माझं डोकंच फिरलं. आता यंत्रही मला सांगणार की तुझ्या भावाकडे तुझ्यासाठी काही नाही. मी ‘काढा’ दाबलं. “नक्की?” म्हणून परत विचारलं. नक्की.

त्रेसष्टाची बासष्ट झाली. मग मी पडदे काढून भिजत घातले. एवढे काही मळले नव्हते.

१८ एप्रिल, गुरुवार

आज गुरुवार आहे हे संध्याकाळी लक्षात आलं. बरं वाटायला हवं होतं.

३ मे, शुक्रवार

सकाळी सात-दशांश-एक आलं. छोटी आवृत्ती, तीनच गोष्टी नवीन. अक्षर मोठं करता येतं. वाचलेल्या बातम्यांवरच्या खुणा एकदम पुसता येतात. आणि तिसरी: नको-यादीने आजवर काय काय अडवलं ते आता पाहता येतं, काढून टाकलेल्या ठिकाणांचंसुद्धा.

कौतुकाने उघडलं. आपल्या हातचं काम कसं झालंय ते कोणाला बघावंसं वाटत नाही? दोन हजार तीनशे सोळा अडवलेल्या. ठिकाणवार मोजून मांडल्या होत्या. मोठ्या पेपरांच्या शेकड्याने. खाली सरकत गेले.

शेवटी होतं: दुरुस्तीची वही (काढलेलं). आठ.

 उघडायचा धीर होईना. गॅलरीत गेले, परत आले. आठ गुरुवार. बोटांवर मोजले, बरोबर आठ.

३ मे, संध्याकाळ

वाचल्या. उतरवून ठेवते, म्हणजे मला पुन्हा ते अडवलेलं पान उघडावं लागणार नाही.

१५ फेब्रुवारी. अर्धी नोंद एका जुन्या पायमशीनच्या पट्ट्याबद्दल. मग: “तपासणी झाली. डॉक्टर भला माणूस आहे, आडपडदा ठेवला नाही. फुप्फुसात आहे आणि पुष्कळ पसरलंय. तीन महिने म्हणाला. मी म्हटलं, माझ्याकडे दुरुस्तीला चार महिन्यांच्या मशिनी पडल्यात.”

२२ फेब्रुवारी. मशीन नाहीच. “ताई, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. माझ्या साइटवर कोण येतं त्याचा एक तक्ता असतो. तुझ्या गावातून एकच कॉम्प्युटर येतो, त्या बातम्यांच्या प्रोग्रॅममधून, दर अर्ध्या तासाला, सहा वर्षं. पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मी हिला म्हटलं, ताईने दार किलकिलं केलं. भाऊजींचं मला तिसऱ्याकडून कळलं. औषधपाणी सगळं तू एकटीने केलंस. यायला निघालो होतो, पण तू येऊ नकोस म्हणाली होतीस. तुझा शब्द एकदाच मोडला होता, आईच्या वेळी, लवकर ये म्हणालीस तेव्हा. पुन्हा मोडायचा नाही असं ठरवलं.”

इथे मी थांबले होते. टायपिस्टला हाक मारून खाली बोलावलं.

७ मार्च. “सलाईन लावलेल्या हाताने बॉबिन भरता येत नाही. प्रयत्न केला. नर्स ओरडली. तू ओरडतेस तशीच, आधी हसू दाबून.”

२१ मार्च. “ताई, येशील का? फोन करू नकोस म्हणाली होतीस, म्हणून इथे लिहितोय. इथे लिहू नकोस असं काही तू म्हणाली नव्हतीस. रुग्णालयातून घरी आलोय, आता तिकडे जायचं नाही. आलीस तर भांडायला ये. मी नीट भांडीन.”

२१ मार्च. त्याच दुपारी मी टायपिस्टला विचारत होते, मी का करू फोन.

४ एप्रिल. चारच ओळी होत्या. “डॉक्टर येऊन गेले. ताईचा कॉम्प्युटर रोज येतो. राग आहे, तरी अर्ध्या तासाला एकदा येऊन भावाला बघून जाते. हिला म्हटलं, एवढंही पुष्कळ आहे.”

मी बघून जात नव्हते रे. तो प्रोग्रॅम जात होता. तुझ्या दारातून माझ्या दारापर्यंत आणत होता, आणि इथे उंबऱ्यात मी चौसष्ट पहारेकरी बसवले होते. कोणाला दोष देऊ? चौसष्टच्या चौसष्ट शब्द मी माझ्या हाताने लिहिलेत. टायपिस्टच्या सहा शब्दांतूनसुद्धा एखादी नोंद निसटून आली असती. माझ्या यादीतून काही निसटत नाही.

४ मे, शनिवार

काल चार एप्रिलनंतरचं काही नव्हतं. असणार कसं, नऊ तारखेला मी ठिकाणच काढलं.

सकाळी वही परत लावली. काही आलं नाही. पुन्हा लावली. मग अक्कल आली, चाळणी अजून चालूच होती. ती सगळीच्या सगळी पुसली. बटण टायपिस्टने माझा हात धरून दाबलं. ती काल रात्रभर खालीच राहिली. एका शब्दाने ‘मी सांगितलं होतं’ म्हणाली नाही.

त्या आठांच्या वर दोन नव्या नोंदी आल्या.

११ एप्रिल, गुरुवार. “हे सांगतायत आणि मी लिहितेय,” असं वर कंसात, म्हणजे भावजयीने. खाली त्याचं:

“मंगळवारी दुपारी साडेतीननंतर ताईचा कॉम्प्युटर आलेला नाही. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वीज गेली तर तासा-दोन तासांनी येतो. आज दोन दिवस झाले. म्हणजे ताई निघाली. ती गावाला जाताना घरातलं बटण न् बटण बंद करते आणि कुलूप लावून परत एकदा बघायला येते, मला माहीत नाही का? दीड दिवसाचा प्रवास आहे, आज-उद्या पोचेल. हिला सांगितलंय, खिडकीजवळची खाट ताईला दे, तिला उजेड लागतो. आणि औषध नंतर दे, आधी माझी दाढी करून दे. ताई आल्या आल्या आधी त्याच्यावरून बोलेल.”

दुसरी १५ एप्रिलची, भावजयीची. “दवाखान्यात नेलं नाही, हे रविवारी घरीच गेले. त्यांच्याकडे ज्यांच्या मशिनी आहेत त्यांनी घेऊन जाव्यात. सगळ्या दुरुस्त आहेत.”

मी मोठ्याने रडले. ह्यांच्या वेळी अशी रडले नव्हते, तेव्हा माणसं होती, कामं होती. टायपिस्ट पाठीवर हात ठेवून बसली. मी तिला सारखी एकच गोष्ट सांगत होते, अगं मी पडदे धूत होते, तो माझी वाट बघत होता आणि मी पडदे धूत होते.

५ मे, रविवार

दुकानाच्या नंबरवर फोन केला. तिनेच उचलला. नऊ वर्षांनी आवाज ऐकला, तरी लगेच ओळखलं.

“वन्सं?” ती म्हणाली. मी अजून काहीच बोलले नव्हते.

मी म्हटलं, “मला काल कळलं गं.”  मग तीच बोलत राहिली, हळू, खालच्या आवाजात. शेवटी फार त्रास झाला नाही. गुरुवारी दाढी करून घेतली. शुक्रवारी दोनदा विचारलं, रिक्षा थांबली का? शनिवारी म्हणाला, तिकीट मिळालं नसेल, बसने येत असेल, बसला वेळ लागतो. तिने माझा नंबर मागितला होता, कुठवर आलात ते विचारायला. त्याने दिला नाही. म्हणाला, फोन करायचा नाही असं ठरलंय आमचं, आणि आता कशाला, ती वाटेतच आहे.

“मी म्हणत होते, अहो, कॉम्प्युटर बिघडला असेल,” ती म्हणाली. “तर माझ्यावर रागावले. म्हणाले, तू माझ्या ताईला ओळखत नाहीस.”

मी भिंतीला टेकून उभी होते. टायपिस्टने खुर्ची सरकवली.

मग ती म्हणाली, “वन्सं, एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका. मला रोज तेच येतं मनात. तुम्ही निघाला होतात ना?”

काय काय सांगायचं ठरवून मी फोन लावला होता. चाळणीचं, यादीचं, चौकोनातल्या त्या बटणाचं. सगळं खरं सांगून तिच्या पाया पडायचं होतं.

“हो,” मी म्हटलं. “निघाले होते.”

“कधी?”

“मंगळवारी. दुपारी साडेतीनला.”

पलीकडे ती रडायला लागली. “हेही मंगळवारच म्हणत होते,” ती म्हणाली. “मीच विश्वास ठेवला नाही.”

का पोचले नाही, ते तिने विचारलं नाही.